अँटिव्हायरस 'शून्य धोके' म्हणतोय, तरी त्या पीसीवर बँक उघडू नका

प्रश्न आधी सांगतो. बेळगावजवळच्या खानापूरच्या एक ताई घरीच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे बॅनर यांची डिझाइनं करतात, मराठीत आणि कन्नडमध्येही. घरात पीसी एकच. त्यावरच मुलीचा पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) अभ्यास, त्यावरच सासऱ्यांच्या पेन्शनचं नेटबँकिंग. महिन्याभरापूर्वी त्यांनी कोरलड्रॉ हे डिझाइनचं विकतचं सॉफ्टवेअर फुकटात उतरवून घेतलं. झिप फाइलला पासवर्ड होता आणि सोबत सूचना होती, 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा'. त्यांनी केला. दोन दिवसांत क्रोममध्ये भलतंच सर्च पान उघडायला लागलं, उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' अशा पाट्या यायला लागल्या, आणि एका रात्री त्यांच्या इन्स्टाग्रामवरून गिऱ्हाइकांना क्रिप्टोत पैसे गुंतवायचे मेसेज गेले. गावातल्या दुकानदारानं पीसी 'साफ' करून दिलाय. आता स्कॅन केला की शून्य धोके दाखवतो. ताई विचारतात: आता बँकेचं काम करायला हरकत नाही ना? की फॉरमॅट मारावाच लागेल? आणि मारला तर कोरलच्या फायली वाचतील का?

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. बँकेचं काम त्या पीसीवर आत्ता अजिबात नको. फॉरमॅट मारावा लागेल. फायली वाचतील, मात्र काही तयारी आधी करावी लागेल. आणि या सगळ्याच्या आधी, आजच्या आज करायचं काम पीसीचं नाहीच, तुमच्या खात्यांचं आहे. ते मोबाइलवरून करायचं. तोवर पीसीची नेटची वायर काढून ठेवा, वायफाय असेल तर बंद करा.

आता कारण. पूर्वीचे व्हायरस पीसी स्लो करायचे, फायली लपवायचे, पडद्यावर काहीतरी नाचवायचे. लागलाय हे कळायचं तरी. हल्ली क्रॅकच्या, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या, पोटात येतो तो बहुतेक वेळा चोरटा असतो. रेडलाइन, लुमा, रकून अशी त्यांची नावं. रेडलाइनवर ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेच्या पोलिसांनी मिळून कारवाई केली, लुमावर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कोर्टाच्या आदेशानं. तरी धंदा थांबला नाही, नावं बदलून चालूच आहे. हा चोरटा चालू झाला की काही मिनिटांत ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड, कुकीज (लॉगिनच्या खुणा), फॉर्ममध्ये भरलेले पत्ते, कार्डांचे नंबर, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या निवडक फायली गोळा करतो, एक गठ्ठा बांधतो आणि पाठवून देतो. पुष्कळदा मग स्वतःला पुसूनही टाकतो. म्हणून महिन्यानंतर केलेला स्कॅन शून्य दाखवतो त्यात नवल नाही. पीसीत आज काय आहे एवढंच स्कॅन सांगतो. पीसीतून काय गेलं, ते कुठलाच अँटिव्हायरस सांगू शकत नाही.

क्रोमनं २०२४ मध्ये कुकीजना आणखी एक कुलूप लावलं होतं. चोरट्यांनी काही आठवड्यांतच त्यावर तोड काढली.

ही कुकीजची गोष्ट नीट समजून घ्या, कारण 'माझ्याकडे ओटीपी येतो, मग घुसला कसा?' हे बेळगावातल्या माझ्या पीसी दुरुस्तीच्या दुकानात जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. तुम्ही एकदा लॉगिन केलं की दर वेळी पासवर्ड विचारायला नको म्हणून वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते, तीच कुकी. ती खूण दाखवणारा माणूस आत. सिनेमाच्या थिएटरात मध्यंतरानंतर अर्धं तिकीट दाखवून परत जाता, तसंच. ती खूणच चोरली तर पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही येत नाही. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स या मोठ्या यूट्यूब चॅनेलचं असंच झालं. त्यांच्या माणसानं जाहिरातीचा करार समजून एक फाइल उघडली आणि चॅनेलवर क्रिप्टोचे लाइव्ह व्हिडिओ सुरू झाले. दिवसभर संगणकच हाताळणाऱ्या मंडळींची ही गत, तर तुमच्या इन्स्टाग्रामची झाली म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका.

तर मोबाइल हातात घ्या. सुरुवात जीमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतात. गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर जाऊन पासवर्ड बदला, मग 'युअर डिव्हायसेस' मध्ये जाऊन मोबाइल सोडून बाकी सगळी उपकरणं साइन आउट करा. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते बघा. तिथे भलता नंबर घुसवलेला असतो. त्यानंतर एक जागा आहे जी दुकानदारही बघत नाहीत: जीमेलच्या सेटिंग्जमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर. चोर तिथे नियम लावून ठेवतो की बँकेची मेल आली की ती दुसरीकडे पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. मोबाइलच्या ॲपमध्ये ही पानं धड दिसत नाहीत, म्हणून ब्राउझरमधून 'डेस्कटॉप साइट' करून उघडा.

मग इन्स्टाग्राम आणि फेसबुक: अकाउंट्स सेंटरमध्ये 'व्हेअर यू आर लॉग्ड इन' आहे, तिथून सगळ्यांना बाहेर काढा, पासवर्ड बदला, टू-फॅक्टर चालू करा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा आणि तिथे जे जे असेल ते लॉग आउट करा, स्वतःचा पीसी धरून. बँकेचे दोन्ही पासवर्ड, लॉगिनचा आणि व्यवहाराचा, बँकेच्या ॲपमधून बदला. सासऱ्यांनाही बसवून घ्या, त्यांचे पासवर्ड त्यांच्या देखत बदला. मामंजींचा पासवर्ड म्हणजे पेन्शनचा पीपीओ नंबर किंवा जन्मतारीख असणार, माझा अंदाज.

एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. पीसीच्या क्रोममध्ये तुमचं गूगल खातं चालू होतं म्हणजे मोबाइलवर सेव्ह केलेले पासवर्डही सिंक होऊन पीसीत आले होते. यजमानांचं खातंही कधी त्याच क्रोममध्ये उघडलं असेल तर त्यांचेही. तेव्हा यादी करताना 'पीसीवर मी काय वापरते' असं न विचारता गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमधली पूर्ण यादी समोर घ्या. सगळे पासवर्ड एका दिवसात बदलणं शक्य नसेल तर पैशाचे आणि ओळखीचे आधी, बाकीचे सवडीनं. यूपीआय मोबाइलवर असतं, त्याचा पिन पीसीत नसतो, त्याची तेवढी काळजी नको.

खात्यातून पैसे गेलेले दिसले तर मग माझं उत्तर वाचत बसू नका. १९३० ला फोन करा, बँकेला कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. हा नंबर देशभर एकच आहे. पैसा पुढच्या खात्यात थांबलेला असतो तोवरच गोठवता येतो, म्हणून तास-दोन तासांचाही फरक पडतो. लेखी तक्रारीसाठी बेळगावात सीईएन पोलीस ठाणं आहे, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं.

तुमच्या पीसीत गिऱ्हाइकांची आधार, पॅनची स्कॅन आहेत का? आपल्याकडे डिझाइनचं काम करणारा माणूस बाजूला सेवा सिंधू या सरकारी पोर्टलचे फॉर्म भरून देतो, जमिनीचे पहाणी उतारे काढून देतो, हे ठाऊक आहे म्हणून विचारतो. असतील तर ती गेली असं धरून चाला. आधारचं बायोमेट्रिक लॉक यूआयडीएआयच्या साइटवर किंवा ॲपमधून करता येतं, स्वतःचं करा आणि ज्यांची कागदपत्रं होती त्यांनाही सांगा. जुन्या खरेदीपत्रांची स्कॅन असतील तर जास्तच काळजी. २०२३ मध्ये आपल्याच कर्नाटकात खरेदीपत्रांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून आधारवरून बँकेतले पैसे काढण्याचे प्रकार झाले होते.

आता पीसीकडे वळू.

'शून्य धोके' का दिसतात याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघू शकता. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' वर जा आणि अगदी खाली 'एक्स्क्लूजन्स' आहे तिथे क्लिक करा. ही डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, दिलेली 'इथे बघू नकोस' अशी यादी. चांगल्या पीसीत ती रिकामी असते. शहापूरच्या एका पत्रिकावाल्याचा पीसी आला होता, त्याच्या यादीत पहिलीच ओळ होती अख्खा सी ड्राइव्ह, खाली यूजर्सचा फोल्डर, त्याखाली पॉवरशेल, म्हणजे आज्ञा चालवायचं विंडोजचंच साधन. डिफेंडर रोज प्रामाणिकपणे स्कॅन करत होता आणि रोज शून्य सांगत होता, कारण त्याला बघायला काही ठेवलंच नव्हतं. तुम्ही अँटिव्हायरस बंद केल्यावर क्रॅकनं पहिलं काम हेच केलं असेल. झिपला पासवर्ड असतो तोही त्यासाठीच: ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. पासवर्ड लावलेली झिप आणि 'अँटिव्हायरस बंद करा' या दोन गोष्टी जोडीनं दिसल्या की ते सॉफ्टवेअर कितीही गोड दिसो, तिथूनच मागं फिरायचं.

कोपऱ्यातल्या 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' वाल्या पाट्या मात्र बहुधा व्हायरस नाहीतच. कुठल्या तरी साइटवर 'मी रोबो नाही, अलाऊ दाबा' असं आलं असणार आणि ते दाबलं गेलं असणार. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतून ती साइट काढली की पाट्या बंद. त्या पाट्यांवर दिलेल्या नंबरला फोन करू नका, एनीडेस्क (दुरून पीसी चालवायचं ॲप) घालायला सांगतील. अलीकडे याच रोबोचा एक वाईट प्रकार निघालाय: साइट सांगते की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. म्हणजे चोराची आज्ञा तुमच्याच हातानं तुमच्या पीसीत चालवायची. मुलीला हे आवर्जून सांगा. कॉलेजचे पीडीएफ शोधताना अशा साइटी फार लागतात.

हे सगळं हातानं साफ करता येतं का? येतं. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे, विंडोज चालू होण्याआधीच तपासतो, साधारण १५ मिनिटं घेतो. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं साधन आहे, चालू होताना काय काय उठतं ते सगळं दाखवतं. टास्क शेड्यूलरमध्ये 'गूगल अपडेट' सारखं नाव घेऊन दर तासाला पॉवरशेल उठवणारी कामं सापडतात. आम्ही दुकानात हे करतो, पण कधी? नुसता ब्राउझर बिघडलेला असेल, जाहिराती येत असतील, तेव्हा. ज्या पीसीत चोरटा ॲडमिनचे अधिकार घेऊन फिरलाय आणि ज्यावर कुणाची तरी पेन्शन चालते, तिथे साफसफाईवर मी भरवसा ठेवत नाही. दहा गोष्टी सापडल्या म्हणजे अकरावी नाही असं कुणी सांगावं? फॉरमॅटला अर्धा दिवस जातो, आणि मन मोकळं होतं.

फायली काढण्याचं काम तुमच्या धंद्यात जरा वेगळं आहे. तुमच्या मराठी पत्रिका श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असणार, कन्नड नुडीत. हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणातले, नव्हेत. विंडोज नवीन टाकलं आणि नेमका तोच फॉन्ट, त्याच आवृत्तीचा, नसला तर 'चि. सौ. कां.' च्या जागी कंस आणि डॉलर दिसतात. फाइल शाबूत राहते, मजकूर जातो. म्हणून नेट बंद ठेवूनच, फॉरमॅटच्या आधी, दोन कामं करा. सी ड्राइव्हच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. आणि जी डिझाइनं पुन्हा पुन्हा लागतात त्यांची एक वेगळी प्रत कन्व्हर्ट टू कर्व्हज (अक्षरांच्या आकृत्या) करून, शिवाय एक पीडीएफ. मूळ प्रत तशीच ठेवा, कर्व्हज केलेल्यात नावं बदलता येत नाहीत.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचं ते इतकंच: सीडीआर (कोरलच्या फायली), पीडीएफ, फोटो, वर्ड-एक्सेलच्या फायली, फॉन्ट. न घ्यायचं ते: ईएक्सई, बॅट, व्हीबीएस, एससीआर, शॉर्टकट, आणि कोरलचे जीएमएस मॅक्रो. फाइलचं खरं आडनाव दिसावं म्हणून एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल 'बिल.पीडीएफ' म्हणून साळसूद दिसते.

यात एका फोल्डरवर माझा राग आहे. आपल्याकडे प्रत्येक पीसीच्या डी ड्राइव्हमध्ये 'सॉफ्टवेअर' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात २०१२ पासूनचे सेटअप, क्रॅक, कीजेन, ड्रायव्हर, सगळं. दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, डी ला हात लावत नाही, कारण गिऱ्हाईक सांगतं 'डी मधलं जाऊ नये'. विंडोज मारून झालं की त्याच फोल्डरमधून सगळं परत टाकतो. सॅलिटी, रॅमनिट असले जुने व्हायरस पीसीतल्या प्रत्येक ईएक्सई फायलीत शिरून बसतात, ते असेच वर्षानुवर्षं या फोल्डरांतून जगतात. 'फॉरमॅट केलं तरी व्हायरस परत आला' असं म्हणणाऱ्या पीसींत मी आधी हा फोल्डर बघतो. तुमचा असेल तर तो अख्खा सोडा. हवं ते कंपनीच्या साइटवरून नवं मिळतं.

विंडोज टाकताना पेन ड्राइव्ह कुणाचा, हा खरा प्रश्न. दुकानातला 'सगळं असलेला' पेन ड्राइव्ह नको, ज्यात विंडोज आधीच ॲक्टिव्हेट होऊन येतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल फुकट आहे. ते दुसऱ्या चांगल्या पीसीवर चालवायचं, ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावायचा, झालं. टाकताना प्रॉडक्ट की विचारली की 'माझ्याकडे की नाही' म्हणा. पीसीबरोबर खरं विंडोज आलं असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. नसेल, तर परवाना घेईपर्यंत कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ची पाटी दिसेल, ती दिसू दे. ती पाटी घालवायला केएमएसवाला, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा, ॲक्टिव्हेटर टाकू नका, त्याचीही पहिली सूचना 'अँटिव्हायरस बंद करा' हीच असते. पार्टिशनच्या पडद्यावर, हार्ड डिस्कवर सगळं घेतलंय याची खात्री करून, जुनी सगळी पार्टिशनं डिलीट करा, डी सकट. आणि पावसाळ्यात खानापूरला लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएसशिवाय सुरुवात करू नका.

पेन ड्राइव्ह करणं जमणारच नसेल तर सेटिंग्जमधल्या 'रिसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडा. साधारण ४ जीबी डेटा जातो आणि तेवढ्यापुरतं नेट लावावं लागतं, म्हणून खात्यांचं काम उरकल्यावरच. 'लोकल रीइन्स्टॉल' नको, ते पीसीत असलेल्याच फायलींवरून विंडोज उभं करतं.

पीसी किती जुना आहे ते तुम्ही लिहिलं नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-थ्री असेल तर विंडोज १० वरच राहावं लागेल, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेट दिले आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून अपडेटच्या पानावरून त्यात नाव नोंदवा. ती मुदत संपली की त्या पीसीवर डिझाइन खुशाल करा, पण बँक मोबाइलवर न्या.

नवं विंडोज उभं राहिलं की आधी सगळे अपडेट, मग दुसरं काहीही. क्रोममध्ये गूगल खातं लगेच जोडू नका. ते भलतं सर्च पान एखाद्या एक्स्टेन्शननं आणलेलं असेल तर सिंकमधून तेच एक्स्टेन्शन नव्या विंडोजमध्येही हजर होतं. आधी सिंकमध्ये एक्स्टेन्शन्स बंद करा, मग जोडा, आणि यादी तपासून नको ते काढा. हार्ड डिस्क लावून तिचा पूर्ण स्कॅन झाल्याशिवाय त्यातली एकही फाइल उघडू नका.

मग दोन प्रकारचे यूजर करा. ॲडमिनचा एक, ज्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला ठाऊक, आणि रोजच्या कामाचे स्टँडर्ड यूजर, तुमचा वेगळा, मुलीचा वेगळा. हे कुणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. स्टँडर्ड यूजरमधून काही घुसलं तरी त्याला डिफेंडरच्या यादीत हात घालता येत नाही, ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो आणि माणूस क्षणभर थांबतो. चोरटा मात्र त्या एका यूजरचे पासवर्ड तरीही नेऊ शकतो, म्हणून बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह नको.

विकतचा अँटिव्हायरस घेऊ का, हा प्रश्न येणारच. आपला पुण्याचा क्विक हील आहे, मुंबईचा ई-स्कॅन आहे, घेतला असेल तर ठेवा. घेतला नसेल तर घरच्या पीसीला डिफेंडर पुरतो, बंद केला नाही तर. दोन-दोन टाकू नका, एकमेकांना अडवतात. शंका आली तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर तपासणीची साधनं फुकट आहेत.

राउटरचा पासवर्ड केबलवाल्यानं लावून दिलेला असेल तर तोही बदला. पत्ता आणि जुना पासवर्ड राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो.

पेन ड्राइव्हचं सांगायला हवं, कारण तुमचा रोज छपाईवाल्याकडे जातो आणि गिऱ्हाइकांचे तुमच्याकडे येतात. परत आल्यावर उघडलात आणि 'पत्रिका' नावाच्या फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला, साइज १ केबी दिसली, तर डबल क्लिक करू नका. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. 'टार्गेट' मध्ये फोल्डरच्या नावाऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्टनं सुरू होणारी लांबच लांब ओळ असेल. तुमचा खरा फोल्डर तिथेच आहे, फक्त लपवलाय. एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या आणि सिस्टमच्या फायली दाखवायला सांगा, खरा फोल्डर फिका दिसेल. त्यातल्या कामाच्या फायली घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. शक्य असेल तिथे छपाईवाल्याला पेन ड्राइव्ह देण्याऐवजी पीडीएफ मेल करा.

तुमच्याच धंद्याशी जोडलेलं आणखी एक. गेल्या काही लग्नसराईंत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसतं आणि बँकेचे एसएमएस वाचायला लागतं. पत्रिका ही फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. एपीके कधीच नसते. इन्स्टाग्राम ताब्यात आलं की गिऱ्हाइकांना 'तो क्रिप्टोचा मेसेज माझा नव्हता' असं कळवणारच आहात, त्यातच हीही ओळ घाला. तुमच्या नावानं आलेली पत्रिका लोक डोळे झाकून उघडतात.

कोरलचं काय, तर परवाना घ्या. एकरकमी झेपत नसेल तर वर्गणीवरही मिळतो. तेवढंही नको असेल तर इंकस्केप फुकट आहे. सीडीआर उघडतं, पण जुने मराठी फॉन्ट आणि सावल्या इकडेतिकडे होतात, म्हणून जुन्या कामांसाठी त्यावर विसंबू नका, नवी कामं युनिकोडमध्ये सुरू करा. क्रॅक परत टाकणार असाल तर वरचं सगळं वाया गेलं. आणि पुढच्या वेळी चोरट्याऐवजी स्टॉप नावाचं रॅन्समवेअर भेटू शकतं, तेही अशाच क्रॅकमधून पसरतं आणि प्रत्येक सीडीआरला कुलूप घालून पैसे मागतं. त्यासाठी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आठवड्याला प्रत घ्या आणि घेतली की लगेच वायर काढा. लावून ठेवलेल्या डिस्कलाही ते कुलूप घालतं.

फॉरमॅट त्याच दुकानदाराकडून करून घ्यायला माझी हरकत नाही, खानापूरहून सीपीयू घेऊन बेळगावला यायची गरज नाही. त्याला फक्त चार गोष्टी आधी सांगा: विंडोज मायक्रोसॉफ्टच्या पेन ड्राइव्हवरून, पार्टिशनं सगळी डिलीट, ॲक्टिव्हेटर नको, आणि 'सॉफ्टवेअर' फोल्डरमधलं काहीही परत टाकायचं नाही. पीसी परत आला की सगळ्यात आधी एक्स्क्लूजन्सची यादी उघडा. तिथे काही लिहिलेलं दिसलं तर पैसे देण्याआधी त्याला तिथेच विचारा.